किंमत, कायदा, काम : जुनी अमेरिकी पुस्तकं त्यांच्या काळासकट वाचण्याच्या नोंदी

८ जून

वाचन मंडळासाठी पाच जुनी अमेरिकी पुस्तकं नव्याने वाचायला घेतली आहेत. प्रत्येक पुस्तकासोबत एक काळपत्रक द्यायचं ठरलं आहे. काळपत्रक म्हणजे एकच ए-४ कागद, पाठपोट छापलेला, दुमडून पुस्तकात ठेवता येईल असा. लेखकाचा काळ पुस्तकाच्या पानांत नेमका कुठे उमटला आहे, एवढंच त्यावर असेल.

पुस्तकं अशी: थोरोचं ‘वॉल्डन’ (१८५४), मेल्व्हिलचं ‘मोबी-डिक’ (१८५१), मार्क ट्वेनचं ‘हकलबरी फिन’ (अमेरिकेत १८८५), फिट्झजेराल्डचं ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) आणि स्टाइनबेकचं ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९). वाचन इंग्रजीतून, चर्चा मराठीतून. ‘वॉल्डन’ला दुर्गा भागवतांचा ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हा अनुवाद जोडीला आहे, म्हणून सुरुवात तिथून.

व्हिटमन आणि डिकिन्सन हे दोन कवी मुद्दाम बाहेर ठेवले. व्हिटमनचं ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ १८५५ मध्ये बारा कवितांचं होतं आणि १८९१-९२ पर्यंत त्याचा जाडजूड ग्रंथ झाला. मध्ये यादवी युद्ध होऊन गेलं. डिकिन्सनच्या कविता १८९० मध्ये छापताना संपादकांनी विरामचिन्हं बदलली, काही ठिकाणी शब्दही. हस्तलिखितांना धरून केलेला पाठ आला १९५५ मध्ये. या दोघांच्या बाबतीत कोणती आवृत्ती घ्यायची हाच मोठा प्रश्न असतो. तो एका कागदात बसत नाही.

१० जून

मजकूर कुठून घ्यायचा ते आधी नक्की करा, मगच खुणा करायला बसा. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर पाचांपैकी चार पुस्तकं आहेत. क्रमांक असे: ‘वॉल्डन’ २०५, ‘मोबी-डिक’ २७०१, ‘हकलबरी फिन’ ७६, ‘गॅट्सबी’ ६४३१७. क्रमांकाने शोधलं की थेट पुस्तक सापडतं. नावाने शोधलं तर दहा ठिकाणच्या संक्षिप्त पीडीएफ समोर येतात आणि त्यांत काय गाळलं आहे ते कुठेही लिहिलेलं नसतं.

स्टाइनबेकचं तसं नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. स्टाइनबेक १९६८ मध्ये गेला, म्हणजे २०२८ संपेपर्यंत झेरॉक्सचा विषयच नाही. प्रती विकत घ्यायच्या. ‘गॅट्सबी’ अमेरिकेतही १ जानेवारी २०२१ पासून मुक्त आहे.

फुकट फाइल मिळाली म्हणून पूर्ण पुस्तक छापायला देऊ नका. ‘मोबी-डिक’ दोन लाखांवर शब्दांचं आहे. ए-४ वर त्याची सव्वाचारशेच्या आसपास पानं होतात. दोन रुपये पानाने साडेआठशे रुपये, वर स्पायरलचे वेगळे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात अख्खी कादंबरी त्याहून स्वस्तात मिळते. फाइल शोधाशोधीसाठी ठेवा, वाचायला छापील प्रत घ्या.

१९ जून

काळपत्रकाचा पहिला मसुदा बाद. डाव्या बाजूला १७७६ पासूनची सनावळी, उजवीकडे लेखकाचं चरित्र, खाली ‘प्रमुख विषय’. दिसायला नीटनेटका होता, पण मंडळात दिल्यावर सगळी चर्चा कागदावरच झाली. अब्राहम लिंकनवर अर्धा तास गेला आणि थोरोचं एक वाक्यही कुणी उघडलं नाही. सनावळी वाचकाला पुस्तकापासून दूर नेते, कारण तिच्यातल्या बहुतेक घटनांना पुस्तकात बोट ठेवायला जागाच नसते.

म्हणून नवा नियम: कागदावर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीपुढे प्रकरणाचा क्रमांक हवा. क्रमांक देता आला नाही तर ती गोष्ट कितीही महत्त्वाची असली तरी बाहेर. पान-क्रमांक देऊ नका. प्रत्येकाची आवृत्ती वेगळी असते आणि पानं जुळवण्यातच वेळ जातो.

२४ जून

खुणांची पद्धत ठरली. वाचताना समासात पेन्सिलीने चारच खुणा करायच्या: ‘कि’ म्हणजे किंमत किंवा मजुरी, ‘का’ म्हणजे कायदा, कोर्ट, शेरीफ, ‘म’ म्हणजे कुणीतरी हाताने करत असलेलं काम, आणि ‘वा’ म्हणजे वाहन, यंत्र, रस्ता. विचार, तत्त्व, प्रतीक यांना खूण नाही. लेखक विचार जाणीवपूर्वक मांडतो आणि बऱ्याचदा आपल्या काळाच्या विरोधात मांडतो. किंमत मात्र तो सहज लिहून जातो. काळ सापडतो तो अशा सहज लिहिलेल्या ओळींत.

पेन्सिल एचबी नको, दोन-बी घ्या. स्वस्त पेपरबॅकच्या कागदावर एचबी उमटत नाही आणि दाबलं की मागच्या पानावर वळ उठतात.

२ जुलै

‘वॉल्डन’, पहिलं प्रकरण. ‘कि’ खुणांनी समास भरून गेला. थोरोने वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या घराचा खर्च ओळीने दिला आहे. घर दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. हिशोब काळपत्रकावर जसाच्या तसा घेतला, डॉलरमध्ये:

फळ्या ८.०३½
छपरासाठी व भिंतींसाठी टाकाऊ लाकडी कौलं ४.००
लाकडी पट्ट्या १.२५
काचेसकट जुन्या खिडक्या दोन २.४३
जुन्या विटा एक हजार ४.००
चुन्याची दोन पिंपं २.४०
केस ०.३१
चुलीच्या वरचं लोखंड ०.१५
खिळे ३.९०
बिजागऱ्या व स्क्रू ०.१४
कडी ०.१०
खडू ०.०१
वाहतूक १.४०
एकूण २८.१२½

केस चुन्याच्या गिलाव्यात घालायचे, हे खाली लिहा. नाहीतर प्रश्न येतोच.

हा तक्ता फाइलमधून एक्सेलमध्ये चिकटवताना एक घोळ होतो. जुन्या साध्या फाइलींत अर्धा सेंट ‘८.०३-१/२’ असा लिहिलेला असतो. एक्सेल त्याला आकडा मानत नाही, मजकूर मानतं, आणि बेरजेतून फळ्यांची ओळ गुपचूप वगळतं. बेरीज २८.१२½ ऐवजी २०.०९ येते आणि दोष थोरोच्या माथी जातो. त्या घरात ८.०३५ असं भरा, बेरीज बरोबर येते. तक्त्यात थोरोचे शेरेही आहेत: चुना महाग पडला, केस गरजेपेक्षा जास्त घेतले, बरंचसं सामान पाठीवरून आणलं. चिकटवताना ते एखाद-दुसरी ओळ खाली सरकतात. मूळ पान समोर ठेवून हाताने लावलेले बरे.

५ जुलै

डॉलरचे आजचे रुपये करून देण्याचा प्रयोग सोडून दिला. महागाईचं कोष्टक लावून जो आकडा येतो त्याने काहीच कळत नाही. त्या वेळी काय स्वस्त आणि काय महाग होतं ते त्यात बुडून जातं.

उत्तर पुस्तकातच आहे. याच प्रकरणात थोरो सांगतो की मजुराच्या कामाचं मोल दिवसाला एक डॉलर धरलं तर आसपासच्या साधारण घराला आठशे डॉलर पडतात आणि तेवढे साठवायला मजुराच्या आयुष्याची दहा ते पंधरा वर्षं जातात. केंब्रिजच्या कॉलेजात (म्हणजे अमेरिकेतल्या हार्वर्डमध्ये) विद्यार्थ्याच्या खोलीचं वर्षाचं भाडंच तीस डॉलर. म्हणजे त्याचं अख्खं घर त्या भाड्याहून स्वस्त. पुस्तकातली किंमत पुस्तकातल्याच मजुरीशी ताडायची, हा दुसरा नियम झाला.

फळ्या आल्या कुठून, इथे ‘म’ खूण करा. फिचबर्ग रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स या आयरिश मजुराची झोपडी थोरोने सव्वाचार डॉलरला विकत घेतली आणि मोडून तिच्या फळ्या नेल्या. ते कुटुंब पहाटे बोचकं घेऊन निघून जातं. साल १८४५. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडायला लागलं आणि पुढच्या काही वर्षांत आयरिश लोकांचे लोंढे बोस्टनला उतरले. पुढे ‘बेकर फार्म’ प्रकरणात जॉन फील्ड नावाच्या आयरिश मजुराला थोरो साधेपणाचा उपदेश करतो. चहा-कॉफी-मांस सोड, म्हणजे इतकं राबावं लागणार नाही. दोन्ही जागा शेजारी ठेवून वाचा. थोरोचं मला सगळ्यात जास्त खटकणारं प्रकरण हेच, आणि न्यू इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या आयरिशांकडे कोणत्या नजरेने पाहिलं जाई ते इतक्या उघडपणे त्याने दुसरीकडे दाखवलेलं नाही.

९ जुलै

‘हिवाळ्यातलं तळं’ या प्रकरणात मुंबई येते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात बर्फ कापणारे मजूर तळ्यावर आले, तेही आयरिश, वर मुकादम न्यू इंग्लंडचे. चांगल्या दिवशी हजार टन बर्फ निघे, साधारण एक एकर तळ्याचा. त्यावरून थोरो लिहितो की चार्ल्स्टन, न्यू ऑर्लिन्स, मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे घामाघूम लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात.

मुंबईकर वाचक इथे खूश होतात, त्यामुळे काळपत्रकावर सावधगिरीची ओळ टाकली. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये कलकत्त्याला बर्फ पोचवला आणि नंतर मुंबईलाही अमेरिकी बर्फ येत असे, एवढं खरं. पण थोरोनेच त्याच प्रकरणात लिहिलं आहे की त्या हिवाळ्यात रचलेला दहा हजार टनांचा ढीग पुरता विकला गेला नाही. काही भाग नेला, बाकीचा सप्टेंबर १८४८ पर्यंत वितळत राहिला. वॉल्डनचा बर्फ मुंबईत प्यायला गेला असं छापू नका. बर्फाचा तो व्यापार होता म्हणून थोरोला ते वाक्य सुचू शकलं, एवढंच छापा.

२० जुलै

‘मोबी-डिक’. संक्षिप्त आवृत्ती वापरू नका. त्यांत पहिली कात्री लागते ती देवमाशांच्या आणि जहाजावरच्या कामाच्या प्रकरणांना, आणि तिथेच सगळ्या ‘म’ आणि ‘कि’ खुणा आहेत. उरते ती एका पिसाट कप्तानाची गोष्ट.

लंडनची पहिली आवृत्तीही टाळा. ती ऑक्टोबर १८५१ मध्ये ‘द व्हेल’ नावाने तीन खंडांत निघाली आणि तिच्यात शेवटचा उपसंहार राहून गेला. जहाज सगळ्यांसकट बुडालं तर ही गोष्ट सांगतोय कोण, असा आक्षेप इंग्रज परीक्षकांनी घेतला तो त्यामुळे. हाती आलेल्या फाइलीत १३५ व्या प्रकरणानंतर उपसंहार आहे ना, ते आधी बघून घ्या.

सगळं वाचायला वेळ नसेल त्यांच्यासाठी किमान प्रकरणं: १, १६, ३६, ५५, ७२, ८९, ९३, ९६, आणि १३३ ते उपसंहार. मंडळातल्या निम्म्या लोकांनी एवढीच वाचली आणि चर्चा अडली नाही.

खुणा:

प्रकरण १६ आणि १८ मध्ये मजुरी ठरते. पगार नाही, सफरीच्या निव्वळ नफ्यात वाटा. गोष्ट सांगणारा खलाशी इश्माएल याला तीनशेवा हिस्सा, भालाफेक्या क्वीक्वेगला नव्वदावा. सफर तीन वर्षांची, जोखीम खलाशाची.

प्रकरण ८९ मध्ये पकडलेला मासा आणि सुटा मासा यांचा कायदा आहे. दोरी लागलेला मासा दोरीवाल्याचा, सुटा मासा जो आधी धरेल त्याचा. मग मेल्व्हिल तोच कायदा देशांना लावतो. इंग्लंडला हिंदुस्थान काय होता, आणि शेवटी अमेरिकेला मेक्सिको काय होणार? मेक्सिकोवरचं युद्ध १८४८ मध्ये संपून फार दिवस झालेले नव्हते.

प्रकरण ९३ मध्ये काळपत्रकातली सर्वांत जड ओळ आहे. होडीतून घाबरून उडी मारणाऱ्या पिप या काळ्या पोराला जहाजावरचा अधिकारी स्टब दम देतो: अलाबामात तुझे जितके पैसे येतील त्याच्या तीसपट एका देवमाशाचे येतात, तेव्हा पुन्हा उडी मारलीस तर तुझ्यासाठी मासा सोडणार नाही. १८५० मध्ये फरारी गुलामांना पकडून देणं सगळ्या राज्यांवर बंधनकारक करणारा कायदा झाला होता. १८५१ मध्ये बोस्टनमध्ये टॉमस सिम्स या फरारी गुलामाला परत पाठवलं गेलं आणि त्या वेळी मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश होते लेम्युएल शॉ, म्हणजे मेल्व्हिलचे सासरे. कादंबरीत या कायद्याचा उल्लेख नाही. पण माणसाची किंमत सांगणारं ते वाक्य त्याच वर्षी छापून आलं.

प्रकरण ५५ खास आपल्यासाठी. देवमाशाचं सर्वांत जुनं चित्र घारापुरीच्या लेण्यात, मत्स्यावताराचं, असं मेल्व्हिल लिहितो. तो हिंदुस्थानात कधी आला नव्हता. घारापुरीचं मुख्य लेणं शैव आहे, तिथे जाऊन मासा शोधू नये. कादंबरीतला फेदल्ला हा पारशीही तसाच पुस्तकी, मुंबईच्या पारशांशी त्याचा काही संबंध नाही. १८५० च्या अमेरिकी वाचकाच्या डोळ्यांसमोर पूर्व कशी होती ते मात्र या दोन जागांवरून कळतं.

१० ऑगस्ट

‘हकलबरी फिन’ला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण इथे एक साल पुरत नाही. तीन लिहावी लागतात. गोष्ट घडते १८३५ ते १८४५ च्या दरम्यान, हे पुस्तकाच्या सुरुवातीलाच सूचित केलेलं आहे. लिहिलं गेलं १८७६ ते १८८३. आणि तिसरं साल तुमच्या हातातल्या आवृत्तीचं. पहिल्या दोन सालांच्या मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, दक्षिणेत काळ्यांना मताधिकार मिळाला, १८७७ मध्ये केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्क कायदा रद्द ठरवला. ही दोन सालं वेगळी लिहिली नाहीत तर वाचक ‘गुलामगिरीच्या काळातलं पुस्तक’ म्हणतात आणि शेवटची दहा-बारा प्रकरणं त्यांना निव्वळ पोरखेळ वाटतात.

त्या प्रकरणांत हकचा मित्र टॉम सॉयर जिम या फरारी गुलामाला कोंडवाड्यातून पळवण्याचं लांबलचक नाटक रचतो. जिम दोन महिन्यांपूर्वीच मृत्युपत्राने मुक्त झालेला आहे आणि टॉमला ते ठाऊक आहे. कायद्याने सुटलेल्या माणसाला पुन्हा कैदेत ठेवून त्याच्या सुटकेचा खेळ करायचा, हे १८८० च्या दशकातल्या वाचकापुढे ठेवलेलं आहे. अभ्यासकांत यावर वाद आहे, पण दोन्ही सालं कागदावर आली की मंडळाची त्या भागावरची चर्चा एकदम बदलली.

तिसऱ्या सालाची तपासणी अशी करा. प्रकरण १६ उघडा आणि ‘ऑलब्राइट’ हे आडनाव शोधा. सापडलं तर तुमच्या आवृत्तीत तराफ्यावरच्या लोकांचा तो लांब प्रसंग परत घातलेला आहे. १८८५ च्या आवृत्तीत तो नाही. ट्वेनने तो आधीच १८८३ च्या ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’मध्ये छापला होता. २०११ च्या एका आवृत्तीत काळ्यांसाठीचा अपमानकारक शब्द सगळीकडे काढून त्या जागी ‘गुलाम’ घातला आहे. आम्ही मूळ पाठच घेतला. मोठ्याने वाचताना तो शब्द गाळायची मुभा दिली, कागदावर बदलला नाही.

का, ते प्रकरण ३२ मध्ये दिसतं. तिथे खूण आहे ‘वा’. बोटीचा सिलिंडर फुटला असं हक थाप मारतो. कुणाला लागलं का, असं सॅली मावशी विचारते. नाही, एक काळा मेला, असं तो सांगतो. ती म्हणते, नशीब, कधी कधी माणसांना लागतं. ही बाई प्रेमळ आहे, पाहुण्याला पोटभर जेवू घालणारी आहे. तो शब्द सौम्य केला की तिचा प्रेमळपणा आणि हे वाक्य यांतली फट बुजते.

१४ ऑगस्ट

हकच्या ‘कि’ खुणा एका ओळीत लावल्या. प्रकरण ८: जिमची मालकीण मिस वॉटसन हिला त्याचे आठशे डॉलर मिळत होते. प्रकरण ११: जिमला पकडून देणाऱ्यास तीनशे. प्रकरण १६: गुलाम पकडणारे देवीच्या भीतीने जवळ न येता वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी ठेवून जातात. प्रकरण ३१: खोट्या जाहिरातीत दोनशेचं बक्षीस, आणि त्या बक्षिसावरचा आपला हक्क ‘राजा’ म्हणवणारा ठग चाळीस डॉलरला विकून टाकतो. शेवटचं प्रकरण: कैदी म्हणून धीर धरल्याबद्दल टॉम जिमला चाळीस डॉलर देतो.

ही ओळ थोरोच्या तक्त्याशेजारी ठेवली आणि सगळ्या कामाचं चीज झालं. थोरोच्या कॉन्कर्ड गावात साधारण घराची किंमत आठशे, मिसुरीत जिमची किंमत आठशे, दशक एकच. मजुराच्या दहा-पंधरा वर्षांच्या बचतीएवढी. हकच्या सहा हजारांवर व्याज येतं रोज एक डॉलर, म्हणजे थोरोने धरलेली मजुराची रोजची मजुरी. पोराच्या नावावरचा पैसा रोज एका मजुराएवढं कमावतो. दोन लेखकांनी एकमेकांशी न बोलता लिहिलेले हे आकडे आहेत. काळपत्रकं वेगवेगळी न वाचता जोडीने वाचायला द्यावीत हे इथे पक्कं झालं.

नेहमीचा प्रश्न: नदीपलीकडे समोरच इलिनॉय हे मुक्त राज्य, मग जिम सरळ तिकडे का जात नाही? उत्तर ‘का’ रकान्यात लिहून ठेवा. १७९३ पासून फरारी गुलामांना परत करण्याचा केंद्रीय कायदा होता. शिवाय इलिनॉयच्या स्वतःच्या कायद्यानुसार मुक्ततेचा दाखला नसलेल्या काळ्या माणसाला अटक करून मजुरीवर देता येई. म्हणून बेत होता तो मिसिसिपी आणि ओहायोच्या संगमावरच्या केअरोला पोचून ओहायो नदीने वर जाण्याचा. छोटा नकाशा काढा: सेंट लुइस, केअरो, ओहायोचा फाटा. धुक्यात केअरो मागे पडतं, त्याचं गांभीर्य नकाशाशिवाय कळत नाही.

१७ ऑगस्ट

दोन पुरवण्या.

ट्वेन १८९६ मध्ये मुंबईत आला होता. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ (१८९७) मध्ये तो लिहितो की हॉटेलात एका युरोपीय माणसाने नोकराला काही न सांगता थोबाडीत मारली आणि आपल्याला एकदम लहानपण आठवलं. गुलामाला आपलं म्हणणं समजावण्याची तीच रीत होती. त्याच ओघात आपले वडील घरच्या गुलाम पोराला क्षुल्लक चुकीसाठी मारत, हेही तो सांगतो. हे प्रकरण ३८ हकच्या काळपत्रकाच्या पाठीमागे जोडलं. हक लिहून झाल्यावर तेरा वर्षांनी, मुंबईत, लेखकाने स्वतःच्या बालपणाबद्दल दिलेली ही साक्ष आहे.

दुसरी पुरवणी फुल्यांची. ‘गुलामगिरी’ (१८७३) ही जोतीरावांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. मराठी वाचकासाठी या विषयाची सर्वांत जवळची वाट ती अर्पणपत्रिका आहे. ट्वेनने हक लिहायला घेतलं त्याच्या तीन वर्षं आधीची. फुल्यांना दिसलेली अमेरिका आणि ट्वेनला दिसलेली अमेरिका, दोन्ही एकाच दशकातल्या. मंडळात ती वाचून दाखवली आणि मग प्रकरण ३२ वाचलं. हा क्रम उलटा करू नका, अर्पणपत्रिका आधी.

७ सप्टेंबर

‘गॅट्सबी’ लवकर झालं. पुस्तक लहान आणि सालं नेमकी. प्रकरण ४ मध्ये गोष्ट सांगणारा निक गॅट्सबीच्या पाहुण्यांची यादी ज्या वेळापत्रकावर लिहितो त्यावर ५ जुलै १९२२ ही तारीख आहे. निकच्या बंगलीचं भाडं महिना ऐंशी डॉलर, शेजारच्या घरांचं हंगामाला बारा-पंधरा हजार.

दारूबंदी १९२० ते १९३३. ‘गॅट्सबीने औषधांची दुकानं घेतली’ यावर वाचक अडतात. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात मद्य विकण्याची कायद्यात सोय होती. नायिका डेझीचा नवरा टॉम याचा प्रकरण ७ मधला आरोप त्याशिवाय कळत नाही.

प्रकरण १ मध्ये टॉम गोऱ्या वंशाला धोका सांगणाऱ्या गोडार्ड नावाच्या लेखकाच्या पुस्तकाचा दाखला देतो. १९२० मध्ये लोथ्रॉप स्टॉडर्डचं अशाच विषयावरचं पुस्तक खरोखरच गाजत होतं. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून गेलेल्या भगतसिंग थिंद यांना ‘गोरे’ मानायला आणि नागरिकत्व द्यायला नकार दिला. १९२४ मध्ये परदेशातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घालणारा कायदा झाला. टॉमची बडबड दारूच्या नशेतली समजून पुढे जाऊ नये. ती त्या तीन-चार वर्षांत कायदा होत होती.

कादंबरीतली राखेची दरी कल्पनेतली नाही. क्वीन्समधल्या कोरोना इथे ब्रुकलिनच्या कोळशाच्या भट्ट्यांची राख टाकली जाई. पुढे तीच जागा साफ करून १९३९ चं जागतिक प्रदर्शन भरलं.

२८ सप्टेंबर

‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’. पहिला नकाशा पुन्हा काढावा लागला. सगळे ‘धुळीच्या वादळांनी उठवलेलं कुटुंब’ म्हणतात, म्हणून ओक्लाहोमा अख्खं धुळीच्या रंगात रंगवलं गेलं. पण कादंबरीतल्या जोड कुटुंबाचं गाव सॅलिसॉ हे राज्याच्या पूर्व टोकाला, आर्कन्सॉच्या सीमेजवळ आहे. धुळीच्या पट्ट्याचा गाभा दुसऱ्या टोकाला, पश्चिमेच्या चिंचोळ्या पट्टीत. त्यांना उठवलं ते बटईची शेती, बँक आणि ट्रॅक्टर यांनी. कापसाचं क्षेत्र कमी करण्यासाठी १९३३ पासून सरकार जमीनमालकांना पैसे देत होतं आणि मालक कुळांना काढत होते. प्रकरण ५ मध्ये शेजाऱ्याचाच पोरगा तीन डॉलर रोजावर ट्रॅक्टर चालवत येतो. तिथे ‘म’, ‘कि’ आणि ‘वा’ तिन्ही खुणा एकत्र पडतात.

बाकीच्या ‘कि’ खुणा: प्रकरण १० मध्ये घरचं सगळं सामान विकून अठरा डॉलर. प्रकरण १६ मध्ये हिशोब आहे की आठशे मजूर हवे असतील तर पाच हजार जाहिराती छापायच्या. पीचच्या बागेत पेटीला पाच सेंट, संप मोडल्यावर अडीच.

स्टाइनबेकने हे आधी बातमीदार म्हणून पाहिलं. ऑक्टोबर १९३६ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’मध्ये त्याची लेखमाला आली. तिच्यात मेक्सिकन आणि फिलिपिनो शेतमजुरांवर लिहिलेलं आहे. कादंबरीत ते प्रकरण १९ मध्ये ओघाने येतात आणि नाहीसे होतात. काळपत्रकावर त्यांच्यासाठी जागा ठेवा, पुस्तकात काय आलं नाही याचीही एक ओळ हवी. कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीने १९३९ मध्ये आपल्या वाचनालयांत या पुस्तकावर बंदी घातली, हे ‘का’ रकान्यात.

छायाचित्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातून घेतली. सरकारी योजनेतली असल्याने ती मुक्त आहेत. झेरॉक्सवर राखाडी छटा काळ्या पडतात. छापण्याआधी फोटो बराच उजळ करा आणि अर्ध्या पानाहून लहान करू नका.

५ ऑक्टोबर

पाचही काळपत्रकं छापून झाली. ८० जीएसएमचा कागद वापरला. ७० च्या कागदावर पाठपोट छपाई आरपार दिसते आणि तक्त्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. वाटताना क्रम प्रकाशनाच्या सालाने लावू नका. आधी ‘वॉल्डन’ आणि ‘हकलबरी फिन’ जोडीने द्या, मग ‘मोबी-डिक’, मग ‘गॅट्सबी’ आणि स्टाइनबेक एकत्र. आठशे डॉलरची ओळ दोन्ही कागदांवर छापली आहे. वाचकाने ती स्वतः शोधावी म्हणून तिला चौकट केलेली नाही.